सुरमईच्या ट्रोलिंगला तारेचा लीडर हवाच

अंबाझरीकर
पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली की नागपुरातून कोकणात सुरमईच्या ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे धरायला, जाण्याचे बेत सुरू होतात, आणि लीडरला, म्हणजे आमिषाजवळच्या दोराच्या शेवटच्या तुकड्याला, तार नको, जाड फ्लुरोकार्बन (एक प्रकारचा प्लास्टिक दोर) पुरतो, हा सल्ला हमखास ऐकू येतो. मला तो चुकीचा वाटतो. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी आणि सुरीसारखे धारदार असतात. ल्युअर (कृत्रिम आमिष) पूर्ण तोंडात गेला तर जाड फ्लुरोकार्बनही एका चाव्यात तुटतो आणि मासा तिहेरी गळ जबड्यात घेऊन निघून जातो. पैसे बुडाले एवढ्यावर हे संपत नाही; गळाने जबडा जखडलेल्या माशाला पुढे शिकार करणे कठीण होते आणि त्याला जबाबदार आपण असतो. म्हणून ल्युअरपुढे दीड-दोन वीत तार आणि तिच्यामागे फ्लुरोकार्बन, हीच जोडणी मी योग्य मानतो.

सदरनिवासी
भाऊ, जबाबदारीचा मुद्दा मान्य आहे, पण मासा ल्युअरवर आलाच नाही तर ही चर्चाच उरत नाही. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे प्रमाण) सुमारे १.४२, म्हणजे पाण्याच्या १.३३ च्या जवळ, त्यामुळे तो स्वच्छ पाण्यात कमी दिसतो. शिवाय ताठ तारेने लहान ल्युअरची हालचाल मरते आणि एकेरी तारेला एकदा मुरड पडली की ती जरा झटक्यानेही तुटते. लांब ल्युअर वापरला तर दात बहुधा लीडरपर्यंत पोहोचत नाहीत.

वैनगंगाकाठ
गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात शिवडा या गोड्या पाण्यातल्या माशासाठी मात्र तार लावू नये, असे माझे मत आहे. त्याच्या जबड्यात बारीक, आत वळलेल्या दातांचे पट्टे असतात; ते दोर कापत नाहीत, खरवडतात. त्याला जाड नायलॉन पुरतो, मात्र प्रत्येक माशानंतर बोटाने चाचपून खरखरीत झालेला तुकडा कापून टाकावा लागतो.

अंबाझरीकर
शिवड्याबाबत आपले म्हणणे पूर्ण पटते. माझा आग्रह कापणाऱ्या दातांपुरताच आहे.

सदरनिवासी, दिसण्याचा मुद्दा थांबलेल्या आमिषाला जितका लागू पडतो तितका ट्रोलिंगला पडत नाही. बोट ६ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटरने चालत असताना सुरमईला ल्युअर निरखायला वेळच मिळत नाही. दुसरे असे की, सुमारे ७० पौंड ताण सोसणारी एकेरी पोलादी तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि तेवढ्याच ताकदीचा फ्लुरोकार्बन तिच्याहून बराच जाड असतो. म्हणजे पाण्याचा अवरोध वाढवून ल्युअरला वर उचलण्याचे काम तोच अधिक करतो. लांब ल्युअरचा आधार तर सर्वांत कच्चा आहे, कारण सुरमई नेहमी मागूनच धरते असे नाही, ती आडवीही येते. मुरडीची अडचण खरी आहे, आणि तिच्यावर उपाय एकच: मुरड दिसली की तार बदलायची, सरळ करून पुन्हा वापरायची नाही.

सदरनिवासी
तरीही चकचकीत स्विव्हलचे (दोर पिळू नये म्हणून लावायच्या फिरत्या कडीचे) काय? तार जोडायला तो लावला की दुसरा मासा त्यावरच झडप घालतो आणि तारेच्या मागे दोर तुटतो.

अंबाझरीकर
स्विव्हल काळा आणि लहान घ्यावा, किंवा तो वगळून तार अल्ब्राइट गाठीने थेट फ्लुरोकार्बनला बांधावी. ती गाठ बोट हलत असताना नीट बसत नाही, म्हणून असे तीन-चार लीडर घरीच तयार करून न्यावेत.