लिंबाच्या पानावरची नागमोडी रेघ

कुंडीतल्या कागदी लिंबाच्या कोवळ्या पानांवर आलेल्या चंदेरी, वेड्यावाकड्या रेघा बुरशीच्या आहेत असं काहींना वाटतं, पण ती बुरशी नाही. ती पाने पोखरणारी अळी, म्हणजेच नागअळी. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. १८५६ मध्ये इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेंटननं तिची नोंद केली, तीही कलकत्त्याच्या नमुन्यांवरून.

एक पान तोडून उजेडासमोर धरा. रेघेच्या रुंद टोकाशी पिवळसर, चपटी अळी दिसेल आणि मागे मधोमध काळपट बारीक धागा, ती तिची विष्ठा. गंमत म्हणजे ही अळी पान कुरतडत नाही. वरच्या पातळ पापुद्र्याखालच्या पेशी फोडून ती त्यातला रस पिते, म्हणून पान आरपार फाटत नाही, फक्त आक्रसतं. खाणं संपलं की पानाची कड रेशमानं दुमडून त्यातच कोष करते. पतंग जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, पांढरा, पंखाच्या टोकाला काळा ठिपका.

तिला फक्त नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी लागते, जून पानं ती सोडून देते. त्यामुळे मोठ्या झाडाची काळजी करू नका, रोपाची मात्र करा. पोखरलेल्या जागेतून खैऱ्या (कँकर) या रोगाचे जिवाणू शिरतात, आणि कागदी लिंबाला खैऱ्या लवकर लागतो. बुरशीनाशकानं अळी मरणार नाही. नवती फुटताना निंबोळी अर्क फवारा, पानांच्या खालूनसुद्धा. आणि पोखरलेली पानं सरसकट खुडू नका, उरलेला हिरवा भाग अजून झाडाला पोसतोय.