जुन्या बाथरूमचे नूतनीकरण : लादीवर लादी बसवावी की सगळे उखडावे?

डोंबिवलीकर : आमची सदनिका १९८७ साली बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. चार फूट बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये लाद्यांच्या सांध्यांतले सिमेंट निघून गेले आहे, नळाला पाणी बारीक येते आणि खालच्या काकूंच्या छताला आमच्या नहाणी ट्रॅपच्या (फरशीतून पाणी बाहेर जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) बरोबर खाली ओल दिसू लागली आहे. एका कंत्राटदाराने जुन्या लाद्यांवरच नव्या टाइल्स चिकटवण्याचा सल्ला दिला आहे. घराचे काम मी प्रथमच काढत आहे. हा सल्ला मानावा का, आणि यातले कोणते काम स्वतः करण्याजोगे आहे?

साइटवरचा अभियंता : खाली ओल नसती, तर लादीवर लादी हा पर्याय विचारात घेता आला असता, तुमच्या बाबतीत मात्र तो नाकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी लादीखालच्या कोब्यातून (स्लॅबवरच्या भरावातून) किंवा ट्रॅपच्या सांध्यातून झिरपत असणार, आणि वरून कितीही चांगली टाइल बसवली तरी ती वाट बंद होत नाही. शिवाय फरशीची पातळी वाढून उंबऱ्याशी पाणी अडायला जागा उरत नाही, ते वेगळेच.

जुना कोबा स्लॅबपर्यंत काढून घ्यावा. हे काम छिन्नी-हातोड्याने, सावकाश करवून घ्यावे, कारण इतक्या जुन्या स्लॅबला ब्रेकरचे (तोडकामाच्या विजेच्या यंत्राचे) हादरे सोसतीलच असे नाही. बारीक पाण्याचे कारण बहुधा आतून गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतील. या तोडकामात भिंतीही उघडल्या जातील, तेव्हा ते बदलून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाइप टाकावेत आणि भिंत बुजवण्यापूर्वी पाइपांत दाब देऊन प्रत्येक सांधा तपासावा. त्यानंतर भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यांत गोलाकार वाटा (कोपरा गोल करणारी सिमेंटची भरणी) भरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत, आणि तो थर भिंतीवर किमान फूटभर चढवावा. ट्रॅपच्या गळ्याभोवतीची दोन बोटे जागा गवंडी घाईत सोडून देतात आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते, म्हणून तेवढा वेळ स्वतः उभे राहावे.

थर वाळल्यावर ट्रॅपला बूच मारून दोन-तीन इंच पाणी किमान ४८ तास भरून ठेवावे आणि काकूंच्या घरी जाऊन छत पाहून यावे. ही चाचणी होईपर्यंत टाइल्सचे काम सुरू होऊ देऊ नये. पुढे टाइल्स बसवताना दर सहा ते आठ फुटांना एक इंच उतार ट्रॅपकडे राहील, याची खात्री करावी.

सोसायटीची माजी सचिव : काम काढण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवावे आणि राडारोडा कोठे टाकायचा ते ठरवून घ्यावे. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) शौचालय, सिंक यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सदस्याने करायचा असतो, त्यामुळे काकूंच्या छताच्या दुरुस्तीबद्दल आधीच बोलून घेतलेले बरे.

डोंबिवलीकर : मनःपूर्वक आभार. लादीवर लादीचा विचार सोडला. स्वतः करण्याजोग्या कामांबद्दल कोणी सांगू शकेल का?

वायरमन, ठाणे : टाइल्सचे ग्राउट (सांध्यांतले मिश्रण) भरणे, बेसिनच्या कडेला सिलिकॉन लावणे, आरसा आणि टॉवेलची दांडी बसवणे ही कामे नवख्याला जमतात, फक्त भोके पाडण्यापूर्वी पाइप कोठून गेले आहेत त्याचे छायाचित्र जवळ असू द्यावे. ते भिंत उघडी असतानाच, शेजारी मापाची टेप धरून काढावे. विजेला मात्र हात लावू नये. दोन किलोवॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. इमारत १९८७ची असल्याने अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. गिझरचे बटन बाथरूमच्या बाहेर ठेवावे. वायरचे पाइप टाइल्सच्या आधीच भिंतीत जायला हवेत, म्हणून वायरमनला प्लंबरबरोबरच बोलवावे.