‘नोटिफिकेशन बंद करा’ म्हणणाऱ्यांना एक सविस्तर उत्तर

पूर्णविराम

‘घरून काम करणाऱ्यांचे लक्ष उडते, कारण त्यांना शिस्त नसते. नोटिफिकेशन बंद करा, एक काम हातात घ्या, ते संपवा आणि मगच दुसऱ्याला हात लावा. यापलीकडे त्यात काही नाही,’ असे या चर्चामंचावर एका सदस्याने काल लिहिले आणि त्याखाली ‘अगदी खरे’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. मी गेली सहा वर्षे घरी बसून करारनाम्यांचे संपादन करते. मला ते वाक्य झोंबले, म्हणून हा वेगळा धागा.

नोटिफिकेशन बंद करण्याची मुभा प्रत्येकाला असते, हे या सल्ल्यात गृहीत धरले आहे. मला ती नाही. मागच्या महिन्यात मी एका कराराचे चौदावे कलम तपासत होते. त्यात सातव्या आणि बाविसाव्या कलमाचे संदर्भ गुंतलेले होते, त्यामुळे तिन्ही कलमे एकदम डोक्यात धरून बसले होते. तेवढ्यात चॅटवर ‘दोन मिनिटे आहेत का?’ असा निरोप आला. मिनिटभरात त्याखाली नुसते एक प्रश्नचिन्ह आले. मी उत्तर दिले आणि काम खरोखरच दोन मिनिटांचे होते. पण परतले तेव्हा समोर कराराच्या दोन आवृत्त्या उघड्या होत्या आणि उरलेल्या सगळ्या दुरुस्त्या मी जुन्या आवृत्तीत केल्या. चूक संध्याकाळी लक्षात आली. चार तासांचे काम पुन्हा करावे लागले. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच रेंगाळतो, विशेषतः ते अर्धवट सुटले असेल तर, हे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्येच दाखवले होते. तत्काळ उत्तर देणारा तो कामसू, असे माप जिथे लावले जाते, तिथे एकाग्रता माझ्या एकटीच्या हातात उरतेच कुठे?

ताळेबंद

पूर्ण असहमत. दोन आवृत्त्या उघड्या कोणी ठेवल्या होत्या? निरोप पाठवणाऱ्याने नाही.

मी अकरा वर्षे घरून हिशेबाची कामे करतो आणि पहिली दोन वर्षे मीही सगळे खापर इतरांवर फोडत होतो. मग एक आठवडा मी शेजारी कागद ठेवला. कोणी हाक मारली म्हणून काम सोडले तर उभी रेघ, आपणहून सोडले तर आडवी. शुक्रवारी पाहिले तर आडव्या रेघाच कितीतरी जास्त होत्या. ताळा जुळेनासा झाला की माझा हात आपोआप बातम्यांकडे वळत होता. संशोधक ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयांत बसून केलेल्या निरीक्षणांतही व्यत्ययांचा मोठा हिस्सा माणसे स्वतःच ओढवून घेतात, असेच आढळले.

आणि लरॉय यांचे नाव घेतलेच आहे, तर त्यांनी थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले कामही पाहावे. काम सोडण्यापूर्वी काय उरले आहे आणि परतल्यावर कुठून सुरुवात करायची, हे थोडक्यात लिहून ठेवले तर तो रेंगाळणारा भाग कमी होतो. मी ‘नोंद १८३ पर्यंत जुळले, पुढे बँकेचे शुल्क पाहायचे’ एवढेच लिहितो आणि उठतो. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

निळी शाई

तुम्हा दोघांच्याही लिहिण्यात दार बंद होणारी एक खोली आहे. माझ्या वडिलांची स्मृती गेल्या तीन वर्षांत झपाट्याने उतरली आहे. ते दर वीस-पंचवीस मिनिटांनी दारात येऊन ‘आज कुठला वार?’ असे विचारतात. मी उत्तर दिले नाही तर ते घाबरतात. कागदावर पुढची पायरी लिहायला मला अर्धे मिनिटही मिळत नाही, कारण ते आधीच माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे असतात.

मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले, पण त्याची भरपाई त्यांनी अधिक ताण आणि अधिक वैताग सोसून केली. माझे तसेच चालले आहे. कामे वेळेत जातात, म्हणून कोणाला काही कळत नाही. रात्री मात्र मी कोणाशी एक शब्द बोलण्याच्या अवस्थेत नसते. शिस्त हा शब्द माझ्याविषयी वापरू नये, एवढीच विनंती.

टेकू

मी ग्राहकांच्या तक्रारी सोडवतो. तत्काळ उत्तर देणे हेच माझे काम आहे, त्यामुळे पूर्णविराम यांचा त्यावरचा सरसकट राग मला मान्य नाही. माझा आक्षेप चॅटमध्ये नावाशेजारी ‘जागेवर आहे’ असे दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्याला आहे.

आधीच्या नोकरीत काही मिनिटे माउस हलला नाही की ठिपका पिवळा व्हायचा आणि आढावा बैठकीत त्याचे कारण विचारले जायचे. एकदा मला नव्या यंत्रणेची दीडशे पानी पुस्तिका वाचायची होती. ती मी छापून घेतली, कारण कागदावर मला नीट समजते. दोन दिवस मी ती उजव्या हातात पेन्सिल आणि डावा हात माउसवर ठेवून वाचली. दर परिच्छेदाला माउस जरासा हलवायचा. एका वेळी एकच काम करत होतो म्हणून मी पिवळा दिसत होतो. हिरवा राहण्यासाठी मला दुसरे काम करावे लागत होते, आणि ते निव्वळ बिनकामाचे होते.

सांजवारा

मी नऊ जणांची टीम सांभाळतो आणि ठिपक्याची दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. दोन वर्षांपूर्वी आमची मुख्य प्रणाली भर दुपारी बंद पडली. ती सुरू करण्याचे अधिकार ज्याच्याकडे होते, तो सहकारी तीन तास ‘एकाग्र’ होता. ग्राहकांची बोलणी मी खाल्ली. कोण जागेवर आहे आणि कोण नाही, हे कळण्याचा एवढा एकच मार्ग माझ्याकडे आहे. तोही काढून घ्या आणि वर जबाबदारीही माझ्यावरच ठेवा, हा कुठला न्याय?

पूर्णविराम

दोन वर्षांतून एकदा प्रणाली बंद पडते, म्हणून नऊ जणांनी रोज आठ तास पहाऱ्याखाली बसायचे? तुम्हाला माणसे जागेवर हवी आहेत. कामाचे काय झाले, हे तुम्ही विचारतच नाही. अर्थतज्ज्ञ निक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या प्रवास-कंपनीत केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. घरी बसलेला माणूस टंगळमंगळच करतो, हा तुमचा संशय आता तरी सोडा.

सांजवारा

संशय हा शब्द मी कुठे वापरला, ते दाखवावे. तुम्ही न लिहिलेले वाचता आणि लिहिलेले वगळता. तो प्रयोग फोनवर उत्तरे देणाऱ्या कर्मचाऱ्यांवर होता; त्यातली बरीचशी वाढ ते जास्त मिनिटे जागेवर बसले म्हणून झाली होती. म्हणजे तुमचा दाखला माझ्याच बाजूने बोलतो. मला पहारेकरी ठरवण्यापूर्वी एक दिवस माझ्या खुर्चीत बसून पाहा.

टेकू

दोघांनीही जरा सबुरीने घ्यावे. सांजवारा यांना मला एकच विचारायचे आहे. त्या दुपारी त्या सहकाऱ्याचा ठिपका कोणत्या रंगाचा होता? आणि तुम्ही त्यांना फोन केला होता का?

सांजवारा

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी त्या दिवसाचे संभाषण उघडून पाहिले. मी घेतलेला पडद्याचा फोटोही त्यात आहे. ठिपका हिरवा होता. म्हणूनच मी चिडून एकापाठोपाठ अकरा निरोप पाठवले होते. फोन मी केला नाही, कारण टीममधल्या कोणाचाच नंबर मी आजवर मागून घेतलेला नाही. हे कबूल करताना मला बरे वाटत नाही. नंबर उद्या सगळ्यांकडून घेईन आणि ‘फोन आला तरच तातडीचे’ असा नियम महिनाभर चालवून पाहीन. ठिपका मात्र लगेच बंद करणार नाही.

ताळेबंद

मूळ विषय एकाग्रतेचा होता, तो ठिपक्याखाली पार गाडला गेला. निळी शाई, तुमच्या परिस्थितीला माझी रेघांची पद्धत लागू पडत नाही, हे मान्य. मी ते आधीच लिहायला हवे होते. पूर्णविराम यांना मात्र माझे तेच सांगणे आहे. एक दिवस तरी रेघा मारून पाहा आणि मग इतरांकडे बोट दाखवा.

पूर्णविराम

आज दिवसभर मारल्या. अकरा उभ्या आणि चौदा आडव्या. हा आकडा इथे लिहिणे मला जड जात आहे, पण तो खरा आहे.

फक्त चौदापैकी नऊ आडव्या रेघा मी बातम्या वाचायला गेले म्हणून पडलेल्या नाहीत. कोणी काही विचारले तर नाही ना, आणि आपण उत्तर द्यायचे राहिलो तर नाही ना, हे पाहायला मीच चॅट उघडली होती. नऊही वेळा तिथे एकही निरोप नव्हता. या नऊ रेघा उभ्या मोजायच्या की आडव्या, ते तुम्ही सांगा.