फाल्कन ४.० चं पुढे काय? मदत हवी आहे
मंडळी, मामाच्या माळ्यावर फाल्कन ४.० या एफ-१६ लढाऊ विमान उडवायच्या जुन्या पीसी गेमचा डबा सापडला, सीडी आणि विटेएवढं जाड रिंग बाइंडरचं मॅन्युअल. १९९८ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोप्रोजने अर्धवटच बाजारात आणलेला गेम, वर्षभर पॅच आले आणि मग टीमच बंद केली, २००० मध्ये सोर्स कोड लीक झाला आणि चाहत्यांनीच तो पुढे सुधारत नेला म्हणून वाचला, नाहीतर कोरियातलं ते डायनॅमिक कॅम्पेन (आपल्या खेळाप्रमाणे बदलत जाणारं युद्ध) तिथेच संपलं असतं! आता बीएमएस (चाहत्यांनी बनवलेली याची फुकट सुधारित आवृत्ती) टाकायला ओरिजिनल गेम लागतो, तर ही जुनी सीडी विंडोज ११ वर चालेल का की स्टीमवरून परत घेऊ? आणि २०२३ मध्ये गेमचे हक्क पुन्हा मायक्रोप्रोज नावाच्या (आता नव्या) कंपनीकडे आलेत, तर नवीन फाल्कनसाठी थांबावं का? ज्यांनी करून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा, मला एफ-१६ मनापासून शिकायचंय.