कॅसल ड्रोगो: गळक्या किल्ल्यावर दीड कोटी पौंड?

उंटावरचा_शहाणा: इंग्लंडात डेव्हनला डार्टमूरच्या कडेला हा ग्रॅनाइटचा किल्लेवजा वाडा आहे, आपल्या दिल्लीवाल्या आर्किटेक्ट ल्युटेन्सचाच. दिसतो जबरदस्त, वाद नाही. पण पायाच मुळात १९११ चा! घरात नदीवरच्या टर्बाइनची वीज, आणि दारावर वरून खाली सोडायचं जाळीदार लोखंडी फाटक, चाल करून येणार कोण होतं? मालक ज्युलियस ड्रू, चहा-किराण्याच्या दुकानांची साखळी काढून गब्बर झालेला. सपाट छप्पर पहिल्यापासून गळत होतं. नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेने, २०१३ पासून दुरुस्तीवर दीडएक कोटी पौंड ओतले. हौशी माणसाच्या नाटकाला एवढा पैसा?

चिरेबंदी: नाटक कसलं? भिंती भरीव ग्रॅनाइटच्या आहेत, विटेवर चिकटवलेली फरशी नाही ती. आणि तळघरातलं स्वयंपाकघर बघा, बाजूला खिडकीच नाही, सगळा उजेड घुमटातल्या गोल झरोक्यातून थेट खालच्या गोल टेबलावर. तेही ल्युटेन्सनेच डिझाइन केलेलं. हे जमायला डोकं लागतं राव.

साइटवरचा_माणूस: डोकं होतं तर पाण्याचा विचार का नाही केला? ग्रॅनाइट गळत नाही हो, गळतात सांधे. छपरावर डांबराचा थर होता, तो उन्हात फुगतो थंडीत आखडतो की पडल्या भेगा. त्यात जुना किल्ला वाटावा म्हणून खिडक्यांना बाहेर सिल (पाणी भिंतीपासून लांब टाकणारी खालची पट्टी) नाही, भिंतीवर पाण्याचे पाइप नाहीत, मग भिंतीवरून ओघळलेलं पाणी खिडकीतच शिरणार ना. नऊशेच्या वर खिडक्या काढून दुरुस्त कराव्या लागल्या. कोकणातला गवंडीसुद्धा वळचण दोन फूट बाहेर काढतो.

चिरेबंदी: किल्ल्याचा हट्ट ड्रूचा होता. ल्युटेन्सने बायकोला पत्रात लिहिलंय की याला किल्ला नको, छानसं मोठ्या खोल्यांचं घर हवं असतं तर बरं झालं असतं. त्यात १९१७ ला ड्रूचा थोरला मुलगा युद्धात गेला, शेवटी मूळ प्लॅनचा साधारण तिसरा हिस्साच बांधला गेला. १९३० ला पूर्ण, १९३१ ला ड्रू वारला.

उंटावरचा_शहाणा: वाईट झालं, मान्य. पण त्याने छप्पर गळायचं थांबतं का? गिऱ्हाईक काहीही मागेल, नाही म्हणायची फी घेतो आर्किटेक्ट.

चिरेबंदी: मग पाडायचा का? ग्रेड वन लिस्टेड आहे, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत. सरळ बोला.

साइटवरचा_माणूस: पाडा कोण म्हणतंय, दुरुस्ती बरोबरच आहे. फक्त त्याला उत्तम बांधकाम म्हणू नका, उत्तम चित्र म्हणा.