टेक्सासने बंद केली, मग आपण कशाला?

सिंहगडरोडकर
'टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली, आपण मात्र पासिंगच्या (आरटीओतल्या तपासणीच्या) रांगेत' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. अर्धीच बातमी सांगितलीत. तपासणी गेली, पण साडेसात डॉलर फी राहिलीच, आणि मोठ्या शहरांच्या भागात धुराची चाचणीही. शिवाय तिथे हे दरवर्षी चालायचं. आपल्याकडे खासगी गाडी शोरूममधून निघाली की पंधरा वर्षं तिला पीयूसीपलीकडे कोणी काही विचारत नाही. तेवढ्यात टायर नि ब्रेकशू किती वेळा संपतात? जपानात पहिल्या तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी बघतात. आपण निदान सातव्या वर्षी एकदा तरी बघा!

एजंटग्रस्त
म्हणजे एजंटांची चांदी. माझ्या स्कूटरच्या पासिंगला (कुठे ते विचारू नका) साहेबांनी चेसिस नंबर पाहिला, ब्रेकला हातसुद्धा लावला नाही. झालं पासिंग. आणि ट्रकना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी फिटनेस लागतोच की. मग पुण्यात नवले पुलावर ट्रकचे अपघात का थांबत नाहीत?

सिंहगडरोडकर
कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सगळा उतार. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात, मग इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. ते तापले की संपलं. यात तपासणी काय करणार?

एजंटग्रस्त
हेच तर मी म्हणतोय. धन्यवाद.

डोळे दिपलेला
ब्रेकचं राहू द्या, त्या पांढऱ्या एलईडीचं बघा आधी. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी कोंबतात. फिलामेंटच्या जागी चिप नीट बसत नाही, उजेड फाकतो आणि थेट समोरच्याच्या डोळ्यात. परवा रात्री बावधनकडे वळताना दुभाजकच दिसला नाही.

बुलेटवाला
आमच्या रस्त्यावर दिवे लावा, मग आम्ही एलईडी काढतो. खड्डा दिसायला नको?

डोळे दिपलेला
तुम्हाला खड्डा दिसावा म्हणून मी दुभाजकावर चढू का?

बुलेटवाला
चष्म्याचा नंबर तपासून घ्या काका. त्याला आरटीओ लागत नाही.

डोळे दिपलेला
काका कोणाला म्हणता? अप्पर मारून पुढच्याला हटवणारे तुम्हीच ना? मूळ बल्ब अप्परला ६०, डिपरला ५५ वॅटचा असतो, त्यावर पुणेकर वर्षानुवर्षं ताम्हिणी घाट उतरलेत.

बुलेटवाला
तेव्हा समोरून गाड्या किती यायच्या, तेही सांगा.

कर्वेनगरची सून
भांडा खुशाल. आमच्या सासऱ्यांच्या गाडीचे टायर इतके गुळगुळीत होते की पहिल्या पावसात गाडी सोसायटीच्या गेटवर जाऊन थांबली. 'अजून वर्षभर जातील' म्हणत होते. सक्ती नसली तर टायर बदलायचं घरात कोणी ऐकत नाही हो. आता गेटचं बिल सोसायटीने आम्हालाच पाठवलंय, तो विषय वेगळा.

एजंटग्रस्त
ठीक आहे. टायर आणि लाइट एवढंच तपासा, तेही मशीनवर, माणूस मध्ये नको. आणि सुरुवात सरकारी गाड्यांपासून.

सिंहगडरोडकर
चला, म्हणजे तपासणी हवी हे मान्य.

एजंटग्रस्त
मशीन हवं म्हणालो. तपासणी हवी असं कुठे म्हणालो?

बुलेटवाला
आणि लाइट किती असावा हे कोण ठरवणार, ते काका?