मधुमेह आणि श्रावणातले उपवास: साखर एकदा चढते, एकदा उतरते

प्रश्न

माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांची एकत्रित गोळी त्या सकाळी नाश्त्याआधी घेतात. एकादशीला त्या साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर व बटाट्याची भाजी आणि रात्री रताळ्याचा कीस खातात; गेल्या एकादशीला जेवणानंतर दोन तासांनी साखर 290 भरली. याउलट श्रावणी सोमवारी केवळ चहा आणि एखाद्या केळ्यावर राहिल्यामुळे चारच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. उपवास बंद करण्यास त्या तयार नाहीत, आणि तसा आग्रह धरावा असे मलाही वाटत नाही. नेमके काय बदलावे?

प्रतिसाद १

आधी सोमवारचे पाहा, कारण धोका तिथे अधिक आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट पाहत नाही; म्हणून सकाळी गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास साखर 70 च्या खाली जाऊ शकते. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. उपवासाच्या दिवशी ही गोळी कमी करायची, की संध्याकाळी उपवास सोडतानाच्या जेवणाआधी द्यायची, हे डॉक्टरांना श्रावण लागण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका. घाम, थरथर, धडधड जाणवताच साखर मोजावी, यंत्र हाताशी नसेल तर न थांबता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. साखरपाण्याने उपवास मोडत नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर ऐन वेळी वाद होतो.

प्रतिसाद २

एकादशीचा प्रकार म्हणजे आपली जुनी ‘एकादशी, दुप्पट खाशी’. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च आहे. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमांहून अधिक कर्बोदके असतात, प्रथिने जवळजवळ नाहीतच. त्याच दिवशी भगर, बटाटा आणि रताळेही पोटात गेले, तर 290 चे आश्चर्य वाटायला नको. आमच्याकडे या चारांपैकी एका वेळी एकच पदार्थ, तोही लहान वाटीभर, असा नियम आहे. उरलेले ताट दाण्याची आमटी, साखर न घातलेले ताक, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि लाल भोपळ्याची भाजी यांनी भरते. राजगिऱ्यात 100 ग्रॅमला सुमारे 13 ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे भाकरी त्याची करावी. गुळातला राजगिरा लाडू मात्र ‘पौष्टिक’ म्हणून सोकावू नये.

प्रतिसाद ३

रक्तदाबही असेल, तर सैंधव चालते या समजुतीने हात सैल सोडू नका. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. शिवाय गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिनसारखे औषध असल्यास निर्जळी उपवास अजिबात नको, कारण त्या औषधाने लघवीवाटे पाणी जाते आणि उपाशीपोटी रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लयुक्त पदार्थ) वाढण्याचा धोका असतो.

प्रश्नकर्ती

डापाग्लिफ्लोझिन नाही, रक्तदाब आहे. या शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गोळीच्या वेळेचे विचारून इथे कळवते. खिचडीची वाटी लहान करण्याचे काम सासऱ्यांकडे सोपवले आहे, कारण माझे त्या ऐकणार नाहीत.